पावण्याची कॅसेट आणि दोन जोड चपला

दत्ता,

तुझ्या शोकसभेत मी दोन मिनिटांत खाली बसलो. हे ऐकून तू फोटोच्या हारासकट उठून बसला असतास. ज्या माणसाला नुसते आभार मानायला उभं केलं तरी लोक घड्याळ काढून कानाला लावून बघतात, तो मी दोन मिनिटांत गप्प. सगळ्यांना वाटलं गळा दाटला. अध्यक्षांनी पाठीवर हात ठेवला, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. मीही चेहरा आणखी थोडा पाडला, कारण मिळालेली दाद वाया घालवू नये हे मी तुझ्याकडूनच शिकलो. पण खरं सांगतो मर्दा, गळा ठणठणीत होता. डोक्यात एकच वाक्य अडकून बसलं होतं आणि त्याच्यामुळं मागची सगळी वाक्यं खोळंबली होती. ते वाक्य शोकसभेत बोलण्यासारखं नव्हतं. ते असं होतं: दत्ता, मेरी ही बाई नव्हती, घोडी होती.

आता तू भुवई वर करून माझ्याकडं बघतोयस. थांब. क्रमानं सांगू दे. हे वाचणाऱ्या बाकीच्यांना ती कॅसेट माहीत नाही, आणि कॅसेट माहीत नसेल तर तू माहीत होणं अवघड आहे.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, ओतीव काम करणाऱ्या एका कारखान्यात, तू तयार नग तपासायचास. हातात एक लहान हातोडी. नग टांगायचा, हलकेच ठोकायचा, कान पुढं करायचा. चांगला नग देवळातल्या घंटेसारखा लांबवर वाजायचा. आत भेग असेल तर भद्द. बाकीचे लोक डोळ्यांनी तपासायचे, तू कानानं. मी पहिल्यांदा कारखान्याच्या फाटकाशी तुला भेटायला आलो तेव्हा तू माझ्या डब्यावर टिचकी मारून म्हणालास, "वरच्या कप्प्यात काय न्हाय, खालच्यात भाकरी हाय." बरोबर होतं.

तर तिथं अमेरिकेहून एक तपासनीस आला. सहा फूट उंच, कमरेच्या पट्ट्याला ताटलीएवढं बक्कल. त्याच्याजवळ पेटीभर यंत्रं. त्यानं एक नग पास केला आणि तू मागनं म्हणालास, "ह्यात भेग हाय." मॅनेजर म्हणाला, "दत्ता, गप." पण पाहुण्यानं विचारलंच, हा काय म्हणतोय. नग कापला. आत केसाएवढी भेग. मग दोन दिवस तो सहा फुटी माणूस यंत्रं बाजूला ठेवून तुझ्याशेजारी उभा राहिला, तू ठोकायचास आणि तो मान वाकडी करून ऐकायचा. एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी, तरी दोघांचं काही अडलं नाही. जाताना त्यानं भाड्याच्या गाडीच्या टेपमधून कॅसेट काढली, तुझ्या हातात ठेवली आणि आपल्या कानाला बोट लावून दाखवलं.

तिला कव्हर नव्हतं. वरची छपाई अंगठ्यानं घासून गेलेली. कोण गातो, काय गातो, काही कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, निदान गायकाचं नाव शोधू या. तू म्हणालास, "नाव कशाला? घरी आलेल्याला नाव इचारत्यात व्हय? पावणं म्हणू." झालं. त्या दिवसापासून तो पावणं. आता मला त्याचं नाव माहीत आहे, पण मी ते इथं लिहिणार नाही. आपल्या गावात, बावड्यात, तो पावणंच राहील.

पुढची तीस-एक वर्षं दर रविवारी सकाळी तुझ्या घरी पावणं गायचे. शालनवैनी मटण त्यांच्या गाण्यावरच शिजवायच्या. कॅसेटची पहिली बाजू सुरू झाली की कांदा, पहिली बाजू संपली की आधण, दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संपून टाळ्या विरत आल्या की आच बंद. एकदा कॅसेट अडकली, फीत बाहेर आली, तू पेन्सिलीनं गुंडाळत बसलास आणि मटण चिवट झालं. वैनी म्हणाल्या, "तुमच्या पावण्यानं आज दगा दिला." कॅसेट बिघडली म्हणून मटण बिघडलेलं घर त्रिखंडात तेवढं एकच असेल.

आणि ते ऐकणं! दत्ता, मी गोष्टी सांगून पोट भरतो, चार लोक मला ओळखतात, पण ऐकायला मला तू शिकवलंस. त्या कॅसेटवर सुरुवातीला पाऊण मिनिट गाणंच नाही. कुठल्याशा गावातल्या सभागृहात लोक जमताहेत. खुर्च्या ओढल्याचे आवाज, पेले किणकिणतात, एक माणूस खोकतो, लांबवर एक बाई खळखळून हसते. मी पहिल्यांदा म्हटलं, "हे पुढं घे की." तू माझा हात धरलास. "पुढं घे? आरं, हाच तर माल हाय. गाणं काय, कुठंबी मिळंल." मग तू एकेक माणूस दाखवायला लागलास. हा खोकणारा दर गाण्याच्या आधी खोकतो आणि गाण्यात एकदाही नाही. म्हणजे माणूस दर्दी आहे. ही हसणारी बाई उशिरा आली आहे, पुढं बसलेल्या कुणाला तरी ओलांडून चालली आहे. "आन तिचं आज कायतरी चांगलं झालंय बघ. आसं हसू उगाच येत न्हाय." पंचवीस-तीस वर्षांनीही आपण तिच्याबद्दल बोलायचो. तिचं आता कसं चाललं असेल, ही चौकशी आपण आपल्या सख्ख्या नातेवाइकांचीसुद्धा एवढी केली नाही.

पहिल्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात पावणं चुकतात. वाद्यं एका सुरात निघतात, ते दुसऱ्याच. दोन ओळी तसेच रेटतात, मग थांबतात, काहीतरी पुटपुटतात, सगळं सभागृह हसतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. तू त्या जागेवर दर वेळी मांडीवर थाप मारायचास. "चूक ठेवली बघ! आपल्याकडं आसती तर घासून गुळगुळीत करून पाठवली आसती. ह्यांनी तशीच ठेवली. म्हंजे माणूस हाय आत." आणि खरोखर, दुसऱ्यांदा सुरू झालेलं ते गाणं असं उसळतं की त्या चुकीबद्दल देवाचे आभार मानावेत. ढोलवाला जरा जास्तच खूश झालेला असतो, त्यामुळं लय वाढत जाते. पावण्यांना दम लागतो. शेवटच्या ओळीत ते गात नाहीत, नुसते हसतात, आणि ती ओळ लोकच म्हणून टाकतात. ओळ लोकांना द्यायची, ही युक्ती मी त्याच गाण्यातनं उचलली. माझ्या गोष्टीचा शेवट मी अर्धा सोडतो आणि श्रोते पुरा करतात, त्याला लोक माझी शैली म्हणतात. मी मान लववून स्वीकारतो. चोरी उघड करायला तूच एक होतास आणि तूही गेलास.

आता येतो त्या गाण्यावर. दुसरी बाजू, तिसरं गाणं. सगळी वाद्यं थांबतात, एक गिटार उरते, आणि पावणं अगदी हळू, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं सुरू करतात. तुझं लग्न नुकतंच झालं होतं. मी त्या वर्षी बी. ए.ला इंग्रजी घेतलं होतं आणि ते गावभर सांगत फिरत होतो. तू कॅसेट थांबवून म्हणालास, "वक्ते, ह्याचा अर्थ सांग."

वक्ते. मी तेव्हा एकही भाषण केलं नव्हतं, तरी तू मला वक्ते म्हणायचास. आता एवढा मान मिळाल्यावर 'मला कळत नाही' असं कोण म्हणेल? मी डोळे मिटले, दोन बोटं कपाळाला लावली. खरं सांगतो, मला दहातले तीन शब्द कळत होते. पण त्या तिनांवर मी अख्खी इमारत उठवली. पावणं घोळून घोळून कुणाला तरी 'ओल्ड गर्ल' म्हणत होते. मी म्हटलं, म्हातारी पोरगी, म्हणजे बायको. प्रेमानं म्हणतात तिकडं. पुढं एक शब्द येत होता, मेअर की मेर की मेरी. मी म्हटलं, मेरी, बायकोचं नाव. पावणं म्हणताहेत, मेरी, तू माझ्यासोबत डोंगर चढलीस, नदी उतरलीस, पावसात उभी राहिलीस, कधी कुरकुर केली नाहीस.

तू खाली बघत ऐकत होतास. स्वयंपाकघरात पळी वाजायची थांबली होती.

"आन पुढं?" तू म्हणालास.

पुढं 'फोर न्यू शूज' असं स्पष्ट ऐकू येत होतं. मी म्हटलं, पावणं सांगताहेत की मी तुला चार नवीन शूज आणले. "चार?" तू विचारलंस. मी क्षणभरही न अडखळता म्हटलं, "दोन जोड. श्रीमंत देश आहे." त्याच्या पुढच्या ओळीत कुणीतरी दात मोजतं, असं होतं. सभागृह तिथं हसतंही. मी म्हटलं, वय झालं की दातांची काळजी घ्यावी लागते, असं तो बायकोला बजावतोय. त्यांच्याकडं दातांचं फार. आणि तिसऱ्या कडव्यात पावणं एकदम इतक्या वेगानं बोलायला लागतात की मला एक शब्दही कळेना. मी म्हटलं, "तिसऱ्यात विशेष काही नाही. पहिलंच परत."

तू हातोडी मारल्यासारखी माझ्याकडं नजर टाकलीस. "इशेष न्हाय म्हणतोस, आन समोरची माणसं एवढी गप कशी? आन मधीच त्यो एकजण वरडतोय, व्हय म्हणून, ते कशाला?"

"उत्साहात ओरडला असेल," मी म्हटलं.

"व्हयच म्हणतोय त्यो," तू म्हणालास. अमेरिकेत बसलेला माणूस 'व्हय' म्हणेल का, यावर आपलं त्या दिवशी सुरू झालेलं भांडण शेवटपर्यंत चाललं.

पण त्या दोन कडव्यांनी तू काय केलंस, दत्ता! लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला तू चप्पल लाइनीतल्या दुकानात जाऊन वैनींसाठी दोन जोड आणलेस. एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. पुढच्या वर्षी पुन्हा दोन. वैनी म्हणायच्या, "बायकूला पाय किती आसत्यात ते तरी बघा." दुकानदारानं एकदा दबक्या आवाजात विचारलं होतं, "दोन घरं हायत काय ओ तुमची?" तू त्याला शांतपणे म्हणालास, "गाण्यात हाय तसं." मग वैनींना दातांच्या डॉक्टरकडं नेलंस. त्या म्हणत होत्या, "माझं काय दुखत न्हाय." डॉक्टरला दोन किडलेल्या दाढा सापडल्या. तू घरी येऊन मला निरोप धाडलास, "बघ लेका, पावण्याला तिकडं बसून कळलं." आणि दर वर्षी त्या दिवशी, चपला पुढ्यात ठेवून, तू तेच गाणं लावायचास आणि भिंतीकडं तोंड करून म्हणायचास, "पावणं मेरीवैनीला जे म्हणत्यात, ते माझंबी समज." एवढं एक वाक्य. तेही भिंतीला. वैनी आतनं ओरडायच्या, "मी ऐकतोय की हितनं, वरडू नकासा." त्यांना मेरीवैनींचं फार कौतुक होतं. कुठल्याही बाईचं नवऱ्याशी पटत नसलं की म्हणायच्या, "मेरीवैनीसारखा नवरा सगळ्यास्नी कुठनं मिळायचा?"

बारा वर्षांपूर्वी मी चंदगडला एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला निघालो होतो. दुपारची एसटी, बाहेर काजूची झाडं, आत मी आणि माझा नवा फोन. सहज म्हणून त्या गाण्यातले कळलेले शब्द टाकले आणि अख्खं गाणं छापील समोर आलं. मी वाचायला लागलो आणि दुसऱ्या ओळीला फुटलो. एवढ्या मोठ्यानं हसलो की कंडक्टर आला. "काय झालं, पावणं?"

"घोडी निघाली हो," मी डोळे पुसत म्हटलं.

"कुठं?" म्हणून तो खिडकीतनं बाहेर बघायला लागला.

मेअर म्हणजे घोडी. ओल्ड गर्ल म्हणजे म्हातारी झालेली घोडी. तिकडं जनावराला लाडानं तसं म्हणतात. चार शूज म्हणजे चार नाल. दात मोजतो तो गिऱ्हाईक, कारण ती घोडी बाजारात विकायला उभी आहे. आणि तिसऱ्या कडव्यात लिलाव सुरू होतो, म्हणून ते भरभर बोलणं. लिलावात बोली आली की पुकारणाऱ्याचा माणूस 'येप' म्हणून ओरडतो, तसं त्या सभागृहातलं कुणीतरी मजेनं ओरडलं होतं. तिकडच्या भाषेत तो होकारच. म्हणजे 'व्हय'च म्हणाला होता लेकाचा! तू बरोबर होतास, आणि मी तुला तेही सांगितलं नाही.

कारण घाटातल्या पुढच्या वळणावर माझं हसू गेलं. दोन दिवसांवर तुझ्या लग्नाचा वाढदिवस होता. परतताना मी ठरवलं, सांगून टाकायचं. येताना वाक्यं जुळवली, अभिनय बसवला, कुठं थांबायचं तेही ठरवलं. आपण पोट धरून हसू, वैनी मला लाटणं दाखवतील, संपलं. घरात आलो तर नवे दोन जोड मांडलेले. वैनींनी एक पायात घातलेला, दुसरा पदरानं पुसत होत्या. आणि तू भिंतीकडं तोंड करून उभा होतास.

जुळवलेली सगळी वाक्यं मी गिळली. मी मटण खाल्लं आणि घरी आलो. पुढची बारा वर्षं खातच राहिलो.

एक गोष्ट मला आजही कळत नाही. ज्या कानाला लोखंडाच्या पोटातली केसाएवढी भेग ऐकू आली, त्याला माझ्या अर्थातलं भगदाड ऐकू आलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. तू मला पुन्हा एकदाही अर्थ विचारला नाहीस. त्या 'व्हय'वरनं भांडलास, पण तिसऱ्या कडव्यात काय आहे, हा विषयच काढला नाहीस. कधी वाटतं तू ओळखलं होतंस. कधी वाटतं, छे, तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास आणि माणसाला ठोकून बघायची तुझी पद्धत नव्हती. यातलं कुठलं खरं असेल तर मला कमी लाज वाटेल, तेही ठरत नाही.

आपलं शेवटचं भांडणही त्या कॅसेटवरनंच झालं. मी तुला तेच गाणं फोनवर ऐकवलं. पावण्यांनी स्टुडिओत, सगळी दारं बंद करून गायलेलं. स्वच्छ. एक सूर इकडचा तिकडं नाही. मी म्हटलं, "शब्द न् शब्द कळतोय बघ." तू दोन कडवी ऐकलीस आणि फोन उलटा ठेवलास.

"आंघोळ करून आलंय हे," तू म्हणालास. "ते आखाड्यातनं आलंय."

"अरे पण गाणं तेच आहे ना?"

"गाणं तेच हाय. पर ह्यो सांगतोय कुणाला? समोर कोण हाय का ह्याच्या?"

मग मी माझं अस्त्र काढलं. त्याच आठवड्यात मी माझी एक गोष्ट स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली होती, काचेच्या खोलीत, एकट्यानं. पहिल्यांदाच. मोठ्या अभिमानानं तुला ऐकवली. तू पाच मिनिटं ऐकलीस, एकदाही हसला नाहीस. "वाजत न्हाय," म्हणालास. मी चिडलो. म्हटलं, तुला काय कळतं, तू लोखंडाचा माणूस. तू म्हणालास, "म्हणून तर. परवा तू तालमीच्या गणपतीसमोर हीच सांगितलीस, तवा मधीच म्हस सुटली आन चारपाच जणं उठून पळाली. तू थांबलास, त्या म्हशीलाच गोष्टीत घेतलंस. ते वाजत होतं. हितं तू कुणाला सांगायलायस, वक्ते?"

मी फोन खिशात घातला. रागानं गाडीला किक मारली. उत्तर सुचेपर्यंत तू थांबशील असं धरून चाललो होतो.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी मी घरी गेलो. पुढच्या खोलीत तुझी थोरली बहीण, आक्का, आणि दोन-तीन पाहुणे. वैनींनी मला आत बोलावलं.

"बसा भावजी. आज मटण न्हाय, च्या हाय."

"चालतंय की."

टेप फळीवर होता. वैनींनी त्याच्याकडं बघत विचारलं, "एक इचारू? मेरीवैनीचं शेवटी काय झालं ओ?"

माझा कप तिथंच थांबला.

"दोन कडवी ह्यांनी सांगितली मला. तिसरं सुरू झालं की उठून मागं परड्यात जायचे. काय म्हणतोय त्यात, म्हटलं, तर म्हणायचे, वक्त्याला म्हाईत न्हाय, मला कुठनं? तुमास्नी आता तरी कळलंय काय?"

आता तरी. दत्ता, मी हजार लोकांसमोर उभा राहिलोय, पण एवढे अवघड दोन शब्द कुणी माझ्यापुढं टाकले नव्हते. खोटं अगदी जिभेवर आलं होतं. चांगलं, रेशमी खोटं. मेरीवैनी म्हातारपणी नातवंडांत बसल्यात, पावणं त्यांना पाणी देताहेत. मी दोन मिनिटांत रंगवलं असतं आणि वैनी सुखानं रडल्या असत्या. पण त्या बाईला वर्षातून मिळणारं तुझं एकच वाक्य माझ्या खोट्यावर उभं होतं, आणि आता तेवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं. ते काढून घ्यावं की त्याखाली अजून एक खोटं सारावं? तेवढ्यात मला वाटलं, समोर कोण आहे ते बघ. इथं काचेची खोली नाही.

"वैनी," मी म्हटलं, "मेरी हे नाव नव्हं. माझं ऐकण्यात चुकलं. ती घोडी हाय."

वैनींनी कप खाली ठेवला. "मेरीवैनी घोडी?"

"व्हय."

"चार पायाची?"

"घोडीला तेवढेच असतात, वैनी."

त्या बोटांवर काहीतरी जुळवायला लागल्या. "म्हंजे ते चार शूज..."

"नाल."

"आन ते दात..."

"गिऱ्हाईक तोंड उघडून बघतं. बाजारात उभी केलीय तिला."

वैनींचा हात हळूहळू स्वतःच्या गालाकडं गेला, जिथनं त्या दाढा काढल्या होत्या. तोंड वाकडं झालं. मला वाटलं, संपलं. आणि मग त्या फुटल्या. दत्ता, तसं हसणं मी कुठल्या कार्यक्रमात मिळवलेलं नाही. पदर तोंडात कोंबला, मांडी बडवली, भिंतीला डोकं टेकलं. पुढच्या खोलीतनं आक्का धावत आली. तिनं बघितलं, खांदे हलताहेत, डोळ्यांत पाणी. तिनं वैनींना कुशीत घेतलं. "रड बाई, रड. मोकळी हो." वैनी तिच्या कुशीतनं माझ्याकडं बघून आणखीनच हलायला लागल्या. आक्का मला म्हणाली, "कशाला आठवणी काढता ओ?" मी मान खाली घातली. जन्मात एवढा कसून अभिनय केला नव्हता.

आक्का गेली. वैनींनी डोळे पुसले. पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "आन तिसऱ्यात?"

मी सांगितलं. लिलाव सुरू होतो. म्हातारी घोडी, कुणी बोली करत नाही. एकानं केली, ती चामड्यासाठी. पावणं गर्दीत उभे आहेत. आणि शेवटच्या ओळीत ते स्वतःच हात वर करतात. माझी आहे, द्यायची नाही. दोरी सोडतात आणि म्हणतात, चल, ओल्ड गर्ल, घरी जाऊ.

"म्हणून तिथं सगळी माणसं गप," वैनी म्हणाल्या.

"व्हय."

"न्हेली न्हवं घरी?"

"नेली."

"मग झालं तर." त्यांनी गॅसवरचं आधण खाली उतरवलं. पाठमोऱ्याच बोलल्या. "आमच्या आप्पानं आमच्या आयेला सगळ्या जन्मात कधी नीट हाक मारली न्हाय, भावजी. ये, आगं, एवढंच. आन म्हशीला मात्र बाई माझी, सोन्या माझी. आय म्हणायची, पुढच्या जन्मी ह्येंची म्हस होईन. गडीमाणसं जनावरापाशी बोलत्यात. बायकूपाशी त्येंची जीभ उचलत न्हाय. पावण्याचं तरी काय येगळं? एवढं चांगलं बोलला, ते घोडीला बोलला."

मी कपातली साय बोटानं बाजूला केली.

"आन आमच्या ह्यांनी ते मला म्हटलं. भिंतीला तोंड करून का हुईना, मला म्हटलं. तुम्ही त्या दिवशी बरोबर अर्थ सांगितला आसता, तर ह्यांनी टेप उचलून गोठ्यात न्हेऊन लावला आसता." त्या वळल्या. "तुमचं इंग्रजी कच्चं हाय, ते बरं झालं. आता च्या घ्या, निवला."

मी चहा घेतला. दत्ता, तुझ्या कॅसेटइतकं जिवंत काही मी अजून ऐकलेलं नाही, आणि तुझ्याइतकं नीट ऐकणारा माणूसही बघितला नाही. त्या माणसाला मी चुकीचं सांगितलं आणि चूक कळल्यावर बारा वर्षं दाबून ठेवली. वैनींनी मला माफ केलंय. तुझं तू बघ.